पाने पूजेत असताना

"वस्ताद, पाना उचलू का?"

खंडेनवमी होती. गॅरेजातली सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, वर झेंडू. उद्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

विचारणारा अंकुश, सोपानवस्तादांचा चेला. काम बरं करायचा, पण तोंड कामाच्या पुढं पळायचं.

दारात मुरारी जगतापची जुनी पेट्रोल गाडी. सकाळी अंकुशनंच पूजेसाठी धुऊन चकाचक केलेली. आता मागच्या सीटवर मुरारीची सून, कळा सुरू झालेल्या. गाडी चालू होईना. वाडीत दुसरी गाडी नाही.

"नाही," वस्ताद म्हणाले.

"अडलेली बाई आहे, वस्ताद. देव काय रागावतोय?"

"देवाचं सोड. पाना हातात आला की तू खोलत सुटतोस... सेल्फ मार."

अंकुशनं चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण धरेना.

"काय ऐकलंस?"

"चालू होत नाही."

"ते मुरारीलाही ऐकू आलं."

...

अंकुशनं पुन्हा चावी फिरवली. या वेळी कान देऊन.

"बॅटरी जोरात आहे."

"मागं जा. वास घे."

तो सायलेन्सरपाशी वाकला. "कच्चं पेट्रोल. म्हणजे पेट्रोल पोचतंय... करंट पोचत नाही."

"कधीपासून?"

"धुवेपर्यंत तर चालत होती..."

त्यानं बॉनेटकडं पाहिलं.

"बॉनेट उघडून धुतलीस?"

"आतूनही चमकावी म्हणून... पाइप मारला."

सून कण्हली. मुरारी म्हणाला, "बाबांनो, त्याला नंतर झोडा."

अंकुशनं बॉनेट उघडलं. प्लगांना करंट वाटून देणारं काळं झाकण, त्याच्या क्लिपा बोटानंच सोडल्या. आत पाण्याचे थेंब.

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून पुढं केली.

"सणाची नवी टोपी, वस्ताद."

"कोरडी आहे."

अंकुशनं आतून नीट पुसलं, झाकण बसवलं. मुरारीनं सेल्फ मारला. इंजिननं धरलं, आणि गाडी धुरळा उडवत गेली.

दिवेलागणीला मुरारीचा फोन आला. मुलगी झाली. दवाखान्यात, रस्त्यात नाही. दोघी बऱ्या आहेत.

अंकुश पाटासमोर बसला. त्यानं एकेक हत्यार पाहिलं.

"वस्ताद, एकही पाना लागला नाही..."

वस्तादांनी पान्यावरचं एक फूल उचललं आणि अंकुशच्या कानावर खोवलं.

"एक हत्यार पूजायचं राहिलं होतं."