पहिल्या पानाचा विडा

ही गोष्ट मी बाहेर सांगायची नाही, असं ठरलेलं आहे. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत दर सोमवारी संध्याकाळी दारू सोडलेली माणसं बसतात. माझे बाबा त्यांच्यातले एक. सतरंज्या अंथरायच्या, पाण्याचं पिंप भरून ठेवायचं आणि मग व्हरांड्यात बसून अभ्यास करायचा, एवढंच माझं काम. आतलं आतच राहिलं पाहिजे हा तिथला नियम आहे आणि तो मला पटतो. पण मागच्या सोमवारी एक काका बऱ्याच दिवसांनी आले आणि दारातच उभे राहिले, आत येईनात. का, ते सगळ्यांना कळलं होतं. तेव्हा आमचे निवृत्त मुख्याध्यापक गुरव सर, जे त्या बैठकीत सर्वांत जुने आहेत, त्यांनी काकांना काहीही न विचारता एक गोष्ट सांगायला घेतली. ती कोणा एकाची नाही, म्हणून तेवढीच सांगते. त्या खोलीचं दार नीट लागत नाही.

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध पानमळेकरी राहत होता. सगळे त्याला तात्या म्हणत. त्याच्या मळ्यात शेवरीच्या उंच झाडांवर पानवेली चढवलेल्या होत्या आणि आत भर दुपारीही गार, हिरवी सावली असे. पानमळा देवघरासारखा पवित्र, अशी तिकडची श्रद्धा. म्हणून पायताण बांधावर काढल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नसे.

तात्यांचा एक शिष्य होता. लहानपणी तो मळ्यात आला आणि वेलींमध्येच मोठा झाला. भिजवलेल्या लव्हाळ्याच्या गवताने वेल शेवरीला कशी बांधावी, गाठीत करंगळी जाईल एवढी जागा कशी ठेवावी, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. तो कधी उशिरा आला नाही, कधी आजारी पडला नाही, आणि ‘मला हे जमत नाही’ असं त्याने कधी म्हटलं नाही.

दिवस मावळताना तात्या त्या दिवशी खुडलेल्या पहिल्या पानाचा एक विडा लावत. त्यांना दात नव्हते, त्यामुळे विड्यात सुपारी नसे. विडा तोंडात ठेवून ते डोळे मिटून बसत. आज ना उद्या तो विडा आपल्या हातावर येईल, अशी शिष्याची आशा होती. तो मागत मात्र नसे. मागून मिळालेल्या मानाला काय अर्थ, असं त्याला वाटे.

त्याच गावात कापडाचा एक व्यापारी होता. तो मद्याच्या आहारी गेला, दुकानाला कुलूप लागलं, आणि त्याची पत्नी मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. तिने निरोप ठेवला होता, की पाडव्याला येऊन तुमचे डोळे बघेन. स्वच्छ दिसले तर राहीन, नाहीतर मुलीला पुन्हा या गावात आणणार नाही.

एके सकाळी तो व्यापारी मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला.

“तात्या, मला कामाला ठेवा,” तो म्हणाला. “घरात बसलो की घरच मला गुत्त्याकडे ढकलतं.”

“हात दाखव.”

व्यापाऱ्याने हात पुढे केले. ते थरथरत होते.

“चालतील,” तात्या म्हणाले. “पायताण काढ आणि ये.”

त्याच्या गाठी पाहून शिष्याला हसू आवरेना. “तात्या, हे बघा. वेल बांधली आहे की पळून जाणारी शेळी?”

“सुटतील त्या गाठी,” तात्या म्हणाले. “पुन्हा बांधू.”

“जन्मभर कापडाचे गठ्ठे बांधले मी,” व्यापारी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “पण ते निमूट पडून राहायचे. ही बया माझ्याकडे बघत बसते.”

यावर तात्या एवढे हसले की त्यांना खोकला आला. शिष्य पाण्याचा तांब्या आणायला गेला. इतक्या वर्षांत आपण तात्यांना एकदाही हसवलं नाही, हे वाटेत त्याच्या ध्यानात आलं.

त्याच दिवशी सूर्य कलल्यावर व्यापारी अस्वस्थ झाला. तो उठे, बसे, नदीपलीकडे बघे. गुत्ता त्याच दिशेला होता. तात्यांनी नेहमीप्रमाणे विडा लावला, तो व्यापाऱ्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, “चल, शेवटच्या विहिरीपर्यंत जाऊन येऊ.”

मग रोजच असं होऊ लागलं. पहिल्या पानाचा विडा व्यापाऱ्याला, आणि त्यानंतर दोघांचं बांधाबांधाने विहिरीपर्यंत जाणं. शिष्य मागे बसून उद्यासाठी लव्हाळा भिजत घाली. लांबून त्याला कधी हसण्याचा आवाज ऐकू येई, कधी रडण्याचा, आणि दोन्ही सारखेच झोंबत. ज्याने सगळं उधळलं त्याच्या खांद्यावर तात्यांचा हात, आणि ज्याने काही सांडू दिलं नाही तो गवत भिजवतो आहे. आपण कधी पडलो नाही, हाच आपला अपराध झाला काय, असं त्याला वाटू लागलं.

एकदा बाजाराला गेलेला व्यापारी परतला नाही. दुसऱ्या सकाळी तो बांधावर दिसला. कपड्यांना चिखल, मान खाली. पायताण काढून आत येण्याचं धाडस त्याला होईना. त्याला तसा पाहून शिष्याला आनंद झाला, आणि तो आनंद त्याने नीट झाकून ठेवला. आता तात्या याला हाकलतील आणि मळा पुन्हा पूर्वीसारखा होईल.

“उन्हात का उभा आहेस?” तात्या म्हणाले. “भाकरी झाकून ठेवली आहे.”

“तात्या, मी काल...”

“वास येतोय मला. आधी जेव, मग आपण पूर्वेच्या ओळीला लागू.”

त्या संध्याकाळीही विडा त्यालाच मिळाला. शिष्य आपल्या वेलीपाशी जाऊन उभा राहिला.

ही वेल काय होती, ते सांगायला हवं. पानमळ्यात दर वर्षी वेली उतरवतात. शेंड्यापर्यंत पोचलेल्या वेलीच्या गाठी सोडायच्या, तिला हळूहळू खाली घ्यायचं, तिचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचं आणि फक्त शेंडा वर ठेवून तो पुन्हा त्याच शेवरीला खालून बांधायचा. पण शिष्याने स्वतः लावलेली एक वेल त्याने कधीच उतरवू दिली नव्हती. “चांगली चढली आहे, तात्या. हिला गरज नाही,” असं तो दर वर्षी म्हणे, आणि तात्या पुढच्या वेलीकडे वळत. ती वेल आता शेवरीच्याही वर गेली होती आणि तिचा शेंडा लोंबकळत होता. तिची पानं वर्षागणिक लहान होत गेली होती. शिष्य पानांकडे बघत नसे, उंचीकडे बघे.

पाडवा जवळ आला असताना तात्यांना एका बारशासाठी परगावी जावं लागलं. जाताना त्यांनी विडा लावून शिष्याजवळ दिला. “मावळतीला हा त्याला दे, आणि विहिरीपर्यंत त्याच्यासोबत जा. या दिवसांत त्याला एकटं सोडू नकोस.”

संध्याकाळ झाली. शिष्य शेवरीच्या आड गेला आणि तो विडा त्याने स्वतः खाल्ला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो तोंडात फक्त पानासारखा लागला.

“भाऊ,” बांधावरून हाक आली, “चालायचं ना?”

शिष्य हलला नाही.

“भाऊ, आहात का हो?”

काही वेळाने हाका थांबल्या. स्वतःच्या पायांवर उभं राहायचं असेल तर त्याने एकट्याने चालून दाखवावं, असं शिष्याने मनाला समजावलं. मग तो उठला आणि थेट गुत्त्याकडे निघाला, व्यापाऱ्याला रंगेहाथ पकडण्यासाठी. उद्या तात्यांना सांगायचं वाक्यही त्याने जुळवून ठेवलं होतं.

गुत्त्यात व्यापारी नव्हता.

परतताना शिष्याला करंड्या विणणाऱ्या मालनआक्काच्या झोपडीत दिवा दिसला. आतून तिचा आवाज येत होता.

“भीती वाटते म्हणतोस, तर बस की. पण रिकामा बसू नकोस, त्या कांबी भिजव.”

“भिजवतो, आक्का.”

“आणि रडायचंच असेल तर तिकडं तोंड करून रड. विणलेली करंडी भिजेल माझी.”

व्यापारी रडता रडता हसला. शिष्य कुडाच्या भिंतीशी उभा होता. या माणसाने परक्या दारात जाऊन ‘मला एकट्याला भीती वाटते’ असं म्हटलं होतं, आणि त्याला आत घेतलं गेलं होतं. मला भीती वाटली तर मी कोणाच्या दाराशी जाईन, असं शिष्याने स्वतःला विचारलं. एकही नाव त्याच्या मनात आलं नाही. त्या क्षणी त्याला व्यापाऱ्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा विडा पाहूनही कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्या परतले. व्यापाऱ्याने कशाचीही तक्रार केली नाही. तात्यांनी मळ्यातून एक फेरी मारली, शिष्याच्या उंच वेलीपाशी थांबले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, “आज ही उतरव.”

शिष्य पुढे धावला. “तात्या, ही माझी वेल आहे. आणि उतरवायचीच असेल तर मी उतरवतो. याचे हात बघा, मोडेल ती.”

“म्हणूनच तो उतरवेल. हात हलत असले की माणूस सावकाश काम करतो. तू खालून वेल झेल.”

व्यापारी शिडीवर चढला. एकेक गाठ सोडताना तो थांबे, श्वास घेई, मग पुढची सोडी. वेल थोडी थोडी खाली येत होती आणि शिष्य ती दोन्ही हातांत घेत होता. कुठेही ती मोडली नाही. बुंध्याशी वेटोळं घालून झाल्यावर शिष्याच्या तोंडून निघालं, “तात्या, काल मी याच्यासोबत गेलो नाही. विडाही मीच खाल्ला.”

तात्यांनी माती ओढत विचारलं, “मग हा कुठे गेला?”

“मालनआक्काकडे.”

“म्हणजे याची वेल रुजली.” तात्या खाली बसले. “इकडे बघ. वर गेलेली वेल मुळापासून लांब जाते. उंच दिसते, पण आतून उपाशी असते. तुझ्या वेलीची पानं मी दर वर्षी बघत होतो. तू उतरवू दिली नाहीस, मी जबरदस्ती केली नाही. खाली मातीत आली, की तिच्या प्रत्येक पेराला नवी मुळं फुटतात. मग ती पुन्हा त्याच शेवरीला धरून वर जाते. खाली येण्यात तिची हार नसते आणि आधार धरण्यात तिला लाज नसते. गवताची गाठ कुजते, म्हणून आपल्याला पुन्हा पुन्हा येऊन बांधावी लागते. तारेने बांधली असती तर एकदाच बांधून घरी बसता आलं असतं, पण तारेने वेल कापली जाते.”

“मग विडा?” शिष्याने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “तो मला कधीच का दिला नाहीत?”

तात्यांना नवल वाटलं. “अरे, मावळतीला याच्या तोंडाला काहीतरी हवं असतं, म्हणून याला देत होतो. तुला हवा होता?”

शिष्याने मान हलवली.

“मग मागायचास की. तू कधी काही मागितलंच नाहीस. मला वाटलं, तुला काही लागत नाही.”

शिष्य बराच वेळ माती दाबत राहिला. मग त्याने शेंड्यापाशी पहिली गाठ बांधली, करंगळी जाईल एवढी ढिली. मावळतीला तो व्यापाऱ्याजवळ गेला.

“मी येऊ का तुमच्यासोबत विहिरीपर्यंत?”

“या की,” व्यापारी म्हणाला. “रोज मीच बोलतो, आज तुम्ही बोला. मलाही कळू दे, ऐकणाऱ्याचे कान किती दुखतात ते.”

पाडव्याला व्यापाऱ्याची पत्नी मुलीचा हात धरून बांधापर्यंत आली. ती नवऱ्याच्या डोळ्यांकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिने वाकून आधी मुलीच्या पायातली पायताणं काढली, नंतर स्वतःची.

गोष्ट इथे संपली. दारातल्या काकांनी चपला काढल्या आणि ते आत जाऊन बाबांच्या शेजारी बसले. बाबांनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा दिली, आणि मग हळू आवाजात त्यांच्याशी बोलू लागले.

सगळ्यांना त्या व्यापाऱ्याचं कौतुक वाटलं असेल. मला शिष्य जास्त कळला. बाबा त्या खोलीत ज्या आवाजात बोलतात, तो आवाज आमच्या घरात कधी ऐकू येत नाही. घरी ते ‘जेवलीस का’ आणि ‘पंखा बंद कर’ एवढंच म्हणतात. व्हरांड्यात भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेली असताना मला आतल्या प्रत्येक काकांचा हेवा वाटतो, आणि मी तो नीट झाकून ठेवते. पण बाबांनी तरी काय करावं? मी कधी मागितलंच नाही. त्यांना वाटत असेल, हिला काही लागत नाही. म्हणून मी असं ठरवलं आहे, की आज सोमवार आहे, तर आज बाबा निघताना मी स्वतःहून त्यांना विचारीन, की बैठकीच्या आधी आपण दोघंच जरा

“गौतमी, झालं का गं लिहून? आज थोडं लवकर निघू या का? लांबच्या रस्त्याने जाऊ, तळ्याकडून. मला एकट्याला आज”

आले, बाबा, हे एवढं एक वाक्य