दांड्यावरची गाठ

माझ्या हातानं चालू झालं नाही असं इंजिन या तालुक्यात नाही. छाती ठोकून सांगतो. फक्त त्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत एक चालू होत नव्हतं आणि सारं गाव बघत होतं, एवढंच.

“सगळं बघितलंस?” दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

“सगळं.”

उस्ताद म्हणजे माझे गुरू. वय नव्वदीचं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोटरसायकलवर मधे बसवून, मागनं एकानं धरून त्यांना आणलं होतं. मी अडुसष्टचा. चौथी दोनदा नापास. पण त्यांनी ‘गेन्या’ म्हटलं की अजून हात आपोआप पान्ह्याकडं जातो.

ट्रॅक्टर शिदरामअण्णा बिराजदारांचा. माझ्याहून थोडाच लहान. त्याला चावी नाही, बटण नाही. पुढनं लोखंडी हँडल खुपसायचं आणि झटक्यानं ओढायचं. मागं ट्रॉली जोडलेली. ट्रॉलीत केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, आणि मधोमध खुद्द अण्णा.

अण्णा पहाटे गेले होते.

अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. म्हणून अण्णा कपाळभर विभूती लावून, मान पांढऱ्या फडक्यानं मागच्या खांबाला बांधून बसले होते. तोंड माझ्याकडं. जिवंतपणी माझं काम बघत बसायचे, तसेच.

जाताना एकच सांगून गेले. “माझ्या ट्रॅक्टरवरनं न्या. आणि गेनूनंच तो चालू करायचा.”

चार वाजता निघायचं असं विधी करणाऱ्या स्वामींनी सांगितलं होतं. तोवर ट्रॅक्टर हलला नाही तर अण्णांना उतरवून खांद्यावर न्यायचं. म्हणजे शेवटचं मागणं तसंच राहणार, आणि ते माझ्यामुळं.

गावात त्या दिवशी सगळेच इंजिनिअर झाले होते. एक म्हणाला, ढकला. एक म्हणाला, लिंबू कापा. पिठाच्या गिरणीवाल्यानं तर पट्टा बदलायला सांगितला. त्या ट्रॅक्टरला पट्टाच नाही.

उस्ताद चाकाला टेकून उभे राहिले.

“पेट्रोल?”

“जुनं काढलं, टाकी धुतली, नवं घातलं.”

“कार्बोरेटर?”

“खोलून फुंकला. आत कुंभारमाशीचं घर होतं.”

“प्लग?”

“घासले.”

“ठिणगी?”

“मॅग्नेटो खोलून हातात घेतला, गर्रकन फिरवला. निळी पडते.”

“आणि हँडल मारल्यावर?”

“...नाही पडत.”

“मार बघू. मी ऐकतो.”

मी हँडल ओढलं. इंजिन घुस्स करून गप्प झालं. उस्तादांनी कान तसाच धरून ठेवला, जणू पुढचं काही ऐकू येणार होतं.

“म्हातारी जातं ओढते तसं ओढतोस,” ते म्हणाले. “एवढ्या हळू फिरवल्यावर मॅग्नेटो ठिणगी टाकंल का? दणका लागतो त्याला.”

लोक हसले. स्वामीही हसले, पण मयताच्या दारात हसू नये हे आठवून त्यांनी घाईघाईनं शंख पुसायला घेतला.

“दे दुसऱ्या कुणाला तरी हँडल.”

“नको!”

मी एवढ्यानं ओरडलो की हलगीवाल्यानं दचकून हलगी खाली ठेवली.

“का रे?”

“उलटं मारतं ते. मनगट जातं एखाद्याचं.”

“उलटं कधी मारतं?”

पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे त्यांनीच मला शिकवलं होतं. स्टिअरिंगच्या खाली एक बोटभर दांडा असतो. चालू करताना तो मागं ओढायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. पुढं राहिला तर ठिणगी आधीच पडते, आणि हँडल ओढणाऱ्याच्याच अंगावर उलटं येतं.

“दांडा पुढं असला की,” मी म्हणालो.

“मग दांडा कुठं आहे?”

मी पान्हा या हातातनं त्या हातात घेतला.

“गेन्या. सगळं बघितलंस म्हणालास.”

मी टोपी काढली, झटकली, परत घातली.

अण्णा बघत होते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. लपवायची तेवढी अकरा वर्षं लपवून झाली.

त्या साली खंडेनवमीला अण्णांनी ट्रॅक्टर धुतला, हार घातला, हळदकुंकू वाहिलं. पूजा झाली की सगळ्यांसमोर चालू करायचा ही त्यांची पद्धत. अंगात कडक इस्त्रीचं नवं धोतर. ते बघून माझ्या हाताला खाज सुटली. अण्णा नारळ फोडायला वाकले तेवढ्यात मी दांडा पुढं सरकवला. जरासाच. इंजिन एक हिसका देईल, अण्णा टुणकन उडतील, धोतराचा सोगा सुटेल, आणि आपण दिवाळीपर्यंत सांगत बसू.

अण्णांनी हँडल ओढलं.

ऊस मोडल्यासारखा आवाज आला.

“अंगठा आत घेतला मी,” अण्णा खाली बसत म्हणाले. तोंड पांढरं पडलं होतं. “चूक माझी.”

हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ वळायची नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. आणि मी काय म्हणालो असेन? सगळ्या गावासमोर मी अण्णांवर ओरडलो, “तरी सांगत होतो अण्णा, अंगठा बाहेर ठेवा!”

मनगट वाकडंच जुळलं. घास धरता येईना. त्यांच्या घरच्या, महादेवीअक्का, भाकरी कुस्करून द्यायच्या, मग ते डाव्या हातानं खायचे. पूजेला बसले की विभूतीची बोटं कपाळापर्यंत पोहोचायला दोन-तीन खेपा लागायच्या. ट्रॅक्टर त्या दिवशी गोठ्यात गेला तो गेलाच. मी मात्र रोज अण्णांकडं जायचो. चहा प्यायचो. गावभरच्या खोड्या सांगायचो. अण्णा डाव्या हातानं मांडी थोपटून हसायचे.

त्या दांड्याकडं मी अकरा वर्षं बघितलं नव्हतं, तो अजून पुढंच आहे असं धरून चाललो होतो. त्या सकाळीही नाही. बघितला असता तर हात लावावा लागला असता. हात लावला असता तर अक्कांनी बघितलं असतं, आणि तो पुढं कुणी सरकवला ते त्यांना कळलं असतं. म्हणून मी दुसऱ्या कुणाला हँडल देत नव्हतो आणि स्वतः जोरानं ओढत नव्हतो.

“हात दे,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला आणि स्टिअरिंगच्या खाली नेला. त्यांना दिसत नव्हतं, तरी बरोबर तिथंच नेला.

“काय लागतंय?”

“चिंधी.”

“नीट बघ.”

वाकून बघितलं. दांडा मागं होता. पार मागं ओढलेला, आणि पुन्हा पुढं सरकू नये म्हणून स्टिअरिंगच्या नळीला करकचून बांधलेला. चिंधी नव्हती ती. दवाखान्यातली पट्टी होती. मळून काळी झालेली, कडेला प्लास्टरचा चुना अजून चिकटलेला.

उस्तादांनी गाठीवरनं बोट फिरवलं. दोनदा.

“डाव्या हाताची गाठ आहे,” ते म्हणाले. “दुसरं टोक दातानं ओढलंय.”

मला काही बोलता येईना. अहो, मला! गावात लग्न असो की मयत, माझं तोंड बंद करायला माणसं ठेवावी लागतात.

ओट्यावरनं महादेवीअक्का म्हणाल्या, “ते त्यांनीच बांधलंय, भाऊजी. हात गळ्यात असतानाच गोठ्यात गेले होते. हे काय करताय म्हणून विचारलं.”

“...काय म्हणाले?”

“म्हणाले, गेनूला कळंल.”

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि दुसरीकडं बघितलं. मला जे कळलं ते अक्कांना कळलं होतं की नाही, हे मी त्यांच्या तोंडावर शोधत होतो. सापडलं नाही.

“चल,” उस्ताद म्हणाले. “आता उलटं मारणार नाही. ओढ.”

मी पुढं गेलो. हँडल खुपसलं. अंगठा बोटांच्या बाजूला घेतला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, अंगठा परत आत घेतला, मूठ वळली आणि सगळ्या अंगानिशी ओढलं.

इंजिन धडाडलं.

धुराड्यातनं काळा लोट निघाला आणि त्याबरोबर अकरा वर्षांचा भुसा, कोळिष्टकं आणि एक उंदराचं घर गिरणीवाल्याच्या डोक्यावर पडलं. हलगी सुरू झाली. स्वामींनी शंख फुंकला. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. शाब्बास गेनू, म्हणाले. जादू आहे तुझ्या बोटांत, म्हणाले. असल्या थापा खायची मला जन्माची हौस. त्या दिवशी एकेक थाप हँडलासारखी लागत होती.

ट्रॅक्टरच्या धडधडीनं ट्रॉली हलायला लागली. अण्णांच्या मानेचं फडकं सैल झालं. मान हळूहळू वरखाली हलू लागली. बायकांनी हात जोडले.

वाकडं मनगट मांडीवर होतं. तेही हलत होतं.

मी उस्तादांजवळ गेलो. आवाज एवढा, की त्यांच्या कानाला तोंड लावावं लागलं.

“उस्ताद... अण्णांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

उस्तादांनी हात पुसले. मोतीबिंदूचे डोळे ट्रॉलीकडं वळवले.

“मला काय विचारतोस?” ते म्हणाले. “ते बसलेत की.”