ट्रॅक्टर मुळात काय होता

एका गावात यमाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा त्याच्या बायकोचा, गोदाचा शब्द. गाव जे म्हणायचं ते इथे लिहिता येत नाही.

गोदाच्या माहेरहून एक जुना लाल ट्रॅक्टर आला होता. चार एकर नांगरून हरभरा पेरायचा होता. रान वाफशावर आलं होतं, म्हणजे ढेकूळ बोटांनी फुटावं इतकी बेताची ओल. वाफसा तीन दिवस टिकतो. तो गेला की हंगाम गेला.

यमाजी रोज सकाळी डिझेलचा कॅन घेऊन पंपावर चालत जाई. तिथल्या टपरीवर बापू मिस्त्री बसलेला असे. मिस्त्री नावापुरता. ट्रॅक्टरशी त्याचा संबंध टेकून विडी ओढण्यापुरता. पण कुठला ट्रॅक्टर कशावरून बनला हे त्याला पाठ, आणि माना डोलवायला चार रिकामी टाळकी हजर.

पहिल्या दिवशी बापू म्हणाला, "यमाजी, तुझ्या ट्रॅक्टरचं डिझाइन बैलावरनं काढलंय. सायबानं खिलारी बैल बघितला आन् कागदावर उतरला."

"तरीच शिंग हाय," यमाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर धुराडं होतं.

रानात नांगराच्या दोन फेऱ्या झाल्या, दुपार झाली. दुपारी बैल सोडतात. यमाजीने उतारावर गिअर काढला, ब्रेक सोडला, थाप मारली आणि म्हणाला, "जा, चर." ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या उसात गेला. दिवस मावळेपर्यंत सहा माणसं त्याला ओढत होती.

"बैल हाय म्हनता ना?" गोदा कडाडली. "मग बैल बांधून ठेवत्यात!"

यमाजीने ट्रॅक्टर साखळीने गोठ्याच्या खांबाला बांधला.

दुसऱ्या दिवशी बापू म्हणाला, "बैल न्हवं रं. त्यो रणगाडा. लढाई संपली, तोफ काढली, नांगर लावला. त्याला काय बी आडवत न्हाई." टाळक्यांनी माना डोलावल्या. काल बैलालाही डोलावल्या होत्या.

यमाजीने ट्रॅक्टर सुरू केला. तो हलेना. "रणगाडा आन् आडतोय?" त्याने सगळा जोर दिला. आधी खांब आला, मग वासे, मग पत्रे. वरच्या पत्र्यावर शेळी होती, तीही रानापर्यंत आली.

"अहो, निघायच्या आधी मागं काय बांधलंय ते बघायचं," गोदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आन् सोडायचं!"

"कळलं," यमाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बापू म्हणाला, "रोड रोलर! पुढचा रूळ काढला, चाकं लावली."

यमाजी रानात पोचला. निघायच्या आधी त्याने मागे वळून पाहिलं. मागे काहीतरी बांधलेलं होतं. त्याने ते सोडलं आणि बाभळीखाली ठेवलं. मग चार एकरांवर ट्रॅक्टर उभा फिरवला, आडवा फिरवला, पुन्हा उभा फिरवला.

गोदा घरी पत्रे सरळ करत होती. दिवसभर ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी ती बियाण्याची पाटी घेऊन आली.

रानात ढेकूळ नव्हतं. रान चकचकत होतं. मधून एक सायकलवाला निघून गेला. बांधावर बापू छाती काढून उभा होता. "बघा! रोलर म्हनलं न्हवतं?"

"नांगर कुठाय?" गोदाने विचारलं.

"बाभळीखाली. तूच म्हनलीस, सोडायचं."

गोदा मटकन खाली बसली. खालची जमीन फरशीसारखी लागली आणि तिला रडू फुटलं. "वाफसा गेला हो. आता नांगरायचं कधी?"

"रडू नको गं," यमाजी मायेने म्हणाला. "उद्या बाभळीखालनं नांगर आनतो की. आता तर रस्ता बी झालाय."