वार लावून जेवणारी गाडी

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूला गुरुदक्षिणा म्हणून विजेवर चालणारी एक छोटी मोटार दिली. गुरुजी सत्तरी ओलांडलेले, संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेले. जन्मभर त्यांनी स्कूटरवरून शहरभर हिंडून शिकवण्या केल्या. पण अलीकडे गुडघ्यांनी साथ सोडली होती आणि ज्यांना त्यांच्याकडे येणे जमत नसे अशा विद्यार्थ्यांचे पाठ बंद पडू लागले होते. शिष्याने ते पाहिले आणि एका सकाळी गाडी दारात आणून उभी केली.

गाडी दोनच दारांची होती. गल्लीत वळायला तिला दोन स्कूटरींएवढी जागा पुरे. गुरुजींनी तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना खोबरे वाटले. आठवडाभरात ती त्यांच्या हाताखाली अशी रुळली की पोरे तिला 'गुरुजींची डबी' म्हणू लागली. तिचा आवाज मुळीच येत नसे. त्यामुळे गुरुजी खिडकीतून मान बाहेर काढून, "अहो काकू, मागे मी आहे," असे स्वतःच सांगत जात. पेट्रोल नाही, धूर नाही, खर्च तर स्कूटरपेक्षाही कमी. गुरुजी भेटेल त्याला सांगत, "श्रीरंगाने मला पाय दिले."

श्रीरंग म्हणजे तो शिष्य. वय पन्नाशीचे, पाण्याचे पंप बनवणारा त्याचा कारखाना भरभराटीला आलेला. देण्यात त्याचा हात मोकळा होता. घेण्याच्या बाबतीत मात्र तो सोवळ्यातला माणूस. कुणाकडे गेला तर चहा घेत नसे, कुणाच्या गाडीत बसत नसे. आपल्यामुळे कुणाला तोशीस पडू नये, असे त्याचे व्रतच होते आणि त्या व्रताचा त्याला थोडा अभिमानही होता.

गाडीपाठोपाठ त्याने गुरुजींच्या घरी एक वायरमन पाठवला. भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवायची, म्हणजे गाडी रोज घरच्या घरी भरेल. गुरुजींनी वायरमनला चहा दिला, त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी केली आणि पेटी न बसवता त्याला परत पाठवले. श्रीरंगने त्याला पुन्हा पाठवले. तो पुन्हा चहा पिऊन परत आला.

पुढे श्रीरंगच्या कानावर भलतेच येऊ लागले. गुरुजी म्हणे रोज निरनिराळ्या घरी जातात, खिडकीतून वायर आत टाकतात आणि गाडी भरून घेतात. सोमवारी एका सायकलवाल्या मिस्त्रीकडे, मंगळवारी दोन निवृत्त शिक्षिकांकडे, बुधवारी आणखी कुणाकडे. कारखान्यातला एकजण तर हसत म्हणाला, "साहेब, गाडी दिलीत, पण तिला खायला द्यायचं विसरलात वाटतं." श्रीरंगला ते फार लागले. ज्या गुरूला आपण काही कमी पडू द्यायचे नाही म्हणतो, त्या गुरूने दारोदार वीज मागावी? तो त्याच संध्याकाळी गुरुजींकडे गेला.

खरे सांगायचे तर त्या दिवसांत त्याच्या मनाला आणखी एक घोर लागला होता. त्याची थोरली बहीण, कुमुदताई, त्याच्याशी बोलेनाशी झाली होती. आई गेली तेव्हा श्रीरंग शाळेत होता. ताईने स्वतःचे लग्न मागे ठेवले, बालवाडीत नोकरी केली, त्याला इंजिनिअर केले. आणि मग तिच्या लग्नाचे वय निघून गेले ते गेलेच. श्रीरंग हे विसरला नव्हता. हातात पैसा येऊ लागल्यापासून त्याने ताईला काय दिले नाही? दर सणाला पिशव्या, दर वर्षी काहीतरी नवे यंत्र. या भाऊबीजेला कारखान्यात निकड होती, म्हणून त्याने ओवाळणी ड्रायव्हरच्या हाती पाठवली. ताईने ड्रायव्हरला पोटभर जेवू घातले, ओवाळणी होती तशी परत दिली आणि निरोप दिला, "त्याला म्हणावं, आता पुरे झालं. यापुढे काही पाठवू नकोस." तेव्हापासून ती त्याचा फोन उचलत नव्हती. आईच्या जागी असलेले एकुलते माणूस हातचे चालले होते, आणि आपले काय चुकले हेच त्याला उमगत नव्हते.

त्याने गुरुजींपुढे दोन्ही गाऱ्हाणी मांडली. आधी पेटीचे, मग ताईचे.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. "तुझी दोन्ही गाऱ्हाणी एकच आहेत," ते म्हणाले. "पण आत्ता सांगितलं तर तू मान डोलावशील आणि घरी जाशील. उद्या बुधवार आहे. सकाळी माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी दोघे डबीत बसून एका जुन्या वसाहतीत गेले. तळमजल्यावरच्या एका घराची खिडकी आधीच उघडी होती. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. पांढरा स्वच्छ सदरा, गुळगुळीत दाढी केलेली. त्यांचे नाव पागनीस. पत्नी जाऊन दोन वर्षे झाली होती, मुलगा परदेशी होता.

"उशीर झाला तुम्हाला," पागनीस लटक्या रागाने म्हणाले. "मी केव्हाचा प्लग मोकळा करून बसलोय."

त्यांनी स्वतः वायर आत घेतली, बटण दाबले, बाहेर येऊन गाडीवरचा दिवा लागला की नाही ते वाकून पाहिले. मग आत चहा झाला, पोहे झाले. श्रीरंग सवयीने नको म्हणणार होता, पण गुरुजींनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि त्याने बशी हातात घेतली. पागनीस गुरुजींकडून कालिदासाचा एकेक श्लोक समजून घेत होते. मध्येच उठून ते गाडी किती भरली ते पाहून येत. बोलता बोलता ते श्रीरंगला सहज म्हणाले, "बुधवारी गाडी येते म्हणून मी दाढी करतो हो. नाहीतर कुणासाठी करायची?"

श्रीरंग पोहे खाता खाता थांबला.

गाडी भरल्यावर गुरुजींनी पागनीसांना भाजी घ्यायला मंडईत सोडले आणि मग एका झाडाखाली गाडी उभी केली. "हं, आता विचार," ते म्हणाले.

"गुरुजी, यांना सोबत हवी आहे, हे मला कळलं. पण सोबत द्यायला तुम्ही एरवीही येऊ शकता. वीज कशाला घ्यायची त्यांची? त्यांना भुर्दंड नाही का?"

"मिस्त्री विजेचे पैसे घेतो, मी देतो. पागनीस घेत नाहीत, मी देत नाही," गुरुजी म्हणाले. "मी या शहरात शिकायला आलो तेव्हा खिशात काही नव्हतं. तेव्हाची रीत तुला ऐकून माहीत असेल. गरीब विद्यार्थ्याने सात घरं धरायची आणि एकेका वारी एकेका घरी जेवायचं. मी असा वार लावून जेवलो. मान खाली घालून जेवायचो. मनात एकच, की हे उपकार कधी एकदा फेडतो. पुढे नोकरी लागली. पहिला पगार हातात आला तसा मी गुरुवारच्या घरी गेलो. एक मोठं पातेलं विकत नेलं होतं. त्या माउलीने ते घेतलं नाही. ती म्हणाली, 'बाळ, तू यायचास म्हणून गुरुवारी मी दोन भाज्या करायची. तू जेवलास की मला वाटायचं, आपलंही कुणाला काही लागतं. आणि आज तू जेवायला नाही आलास, फेडायला आलास.'"

गुरुजी पुढे म्हणाले, "देणारा उंच उभा असतो, श्रीरंगा. नेहमीच आपण उंच उभं राहिलो, तर समोरच्याने कायम मान वर करूनच बघायचं का? मी पागनीसांकडे नुसता सोबतीला गेलो असतो, तर मी दयाळू आणि ते बिचारे झाले असते. मी त्यांच्याकडे मागायला जातो, म्हणून ते दाढी करतात. तू पेटी बसवलीस की माझी गाडी रोज भरेल; पण मला या घरांची गरज उरणार नाही, आणि आपलं कुणाला काही लागतं असं त्यांना वाटणार नाही. तू मला गाडी दिलीस, ती मी आनंदाने घेतली. तुला कुणी शेवटचं काय दिलं आणि तू आनंदाने घेतलंस, सांग बरं?"

श्रीरंगने आठवून पाहिले. आठवत गेल्या त्या सगळ्या त्याने दिलेल्या वस्तू.

गुरुजींनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "शनिवारचं घर मला अजून मिळालेलं नाही. आमच्या वेळी एखादा वार मिळाला नाही, तर त्या दिवशी उपाशी राहावं लागे. शनिवारी गाडी तू घेऊन जा. तुझ्या घरी भरायची नाही, रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर नाही. एखादं घर बघ."

शनिवारी सकाळी श्रीरंग डबीत बसला. समोरच्या पडद्यावर आकडा खाली खाली येत होता. ताईचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत त्याने सवयीने एका मिठाईच्या दुकानापुढे गाडी थांबवली, उतरला, आणि पुन्हा आत येऊन बसला. ताईने दारातूनच परत पाठवले तर? आज निदान परत करायला तिच्या हातात काही असणार नव्हते.

ताईने दार उघडले. तिने आधी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"काय काम काढलंस?"

"ताई, गाडी बंद पडायला आली आहे. तुझ्याकडची थोडी वीज देशील?"

ताई दारातून वाकून बघू लागली. "एवढीशी? कुणाची ही?"

"गुरुजींची."

"मोठा प्लग ओट्याजवळ आहे. तुझी वायर पोचेल?"

"खिडकीतून घेतली तर पोचेल."

"मग उभा काय राहिलास? चपला काढ."

स्वयंपाकघराची खिडकी वर्षानुवर्षे उघडलेली नव्हती. दोघांनी मिळून ती ढकलली, तेव्हा कुठे ती करकरत उघडली. ताईने डबे सरकवून प्लग मोकळा केला. गाडीवरचा हिरवा दिवा लागला.

"किती वेळ लागेल?"

"निदान तीन तास."

"म्हणजे तुला जेवावं लागणार," ताई म्हणाली, आणि तिने गवारीच्या शेंगा त्याच्यापुढे टाकल्या. "निवड. शिरा नीट काढ."

श्रीरंग खाली मांडी घालून बसला. या घरात तो किती वर्षांनी बसत होता, ते त्याचे त्यालाच सांगता आले नसते. अर्ध्या शेंगा निवडून झाल्या. मग कणीक मळता मळता, त्याच्याकडे न बघता, ताई बोलू लागली.

"तू यायचास, उंबऱ्याशी पिशवी ठेवायचास, पाणीही न पिता निघायचास. मला वाटायचं, मी तुला वाढवलं त्याची हा किंमत चुकती करतोय. एक दिवस सगळी चुकती होईल आणि हा यायचा बंद होईल. या भाऊबीजेला ड्रायव्हर आला, तेव्हा म्हटलं, झाली वाटतं चुकती."

श्रीरंगच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुझं माझ्यावरचं काही फिटणार नाही, ताई," तो म्हणाला. "फिटावंसंही वाटत नाही. तू होतीस म्हणून मी आहे. हे एवढं वाक्य मी तुला कधी म्हटलं नाही. वस्तू पाठवत राहिलो."

"आता म्हणालास ना," ताई म्हणाली. "शेंगा निवड."

तो पोटभर जेवला. आमटी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर तिथेच भिंतीला टेकून त्याचा डोळा लागला, आणि जागा झाला तेव्हा त्याच्या अंगावर ताईची चादर होती. गाडी केव्हाच भरली होती. उठवायची घाई ताईला नव्हती.

निघताना तिने वायर गुंडाळून खिडकीतून बाहेर दिली आणि विचारले, "पुढच्या शनिवारी काय करू?"

'काही करू नकोस, उगाच त्रास' हे शब्द श्रीरंगच्या ओठांपर्यंत आले होते. त्याने ते गिळले.

"भरली वांगी कर," तो म्हणाला. "आणि भाकरी कडक."

"वेळेवर ये मग," ताई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसण्यासाठी तिने पाठ फिरवली.

आपण कुणाला काय काय दिले, ते आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असते. या आठवड्यात एखाद्या आपल्या माणसाच्या दारी जावे, आणि काहीतरी मागून घ्यावे.