पहिल्या खुंटीवरचा लंगोट

"मग कोणता डाव शिकवलासा त्येला? मला सोडून?"

सर्जेरावानं हे तिसऱ्यांदा विचारलं. तातोबा वस्ताद कुस्तीच्या हौदाच्या कडेला बसून लिंबं चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी हौदात उतरून माती खालीवर करत होतो. या तालमीची माती मी बावीस वर्षं राखतोय. पैलवान होणं काही माझ्या नशिबी नव्हतं, पण कान शाबूत आहेत.

आदल्या दिवशी जिल्ह्यासाठी निवडकुस्ती झाली होती. अकरा वर्षं या तालमीत सर्जेरावाची पाठ मातीला लागली नव्हती. आणि काल बिरूनं, दोन वर्षांपूर्वी मेंढरं सोडून आलेल्या त्या पोरगेल्या धनगरानं, बाराव्या मिनिटाला त्याला अस्मान दाखवलं. सर्जेरावाच्या पोटरीत गोळा आला, तो क्षणभर वाकला, आणि संपलं.

आता तो आला होता खुंटीवरचा लंगोट न्यायला. मारुतीशेजारची पहिली खुंटी त्याची. आमच्याकडे रिवाज असा की लंगोट एकदा खुंटीवरून काढून घरी नेला की त्या माणसानं परत उंबरा चढायचा नाही.

"डाव न्हाई शिकवला," वस्ताद म्हणाले.

"मग खुराक येगळा दिलासा."

"तुझ्याच पातेल्यातलं दूध पितो त्यो."

"खोटं! तुमचा जीव त्येच्यावर हाय. मला कळत न्हाई व्हय? परवा त्येच्या पाठीवरनं हात फिरवलासा. माझ्या पाठीवरनं कधी फिरवलासा?"

एवढा दांडगा गडी, पण आवाज रडवेला झाला होता. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाजही वाटली.

"जळतोयस?" वस्तादांनी विचारलं.

"व्हय, जळतोय! रातभर डोळ्याला डोळा न्हाई. त्येचं नाव काढलं तरी तोंड कडू पडतंय."

वस्तादांनी सुरी खाली ठेवली. उठले, मारुतीच्या देवळीतून एक वही काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"ह्यो त्येचा डाव. वाच."

ती वही मी ओळखली. उन्हाळ्यात शहरातल्या कॉलेजातून केळकरबाई आल्या होत्या. खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्या. शेजारच्या अडतीवरून गुळाचा काटा मागून आणला आणि तीन महिने प्रत्येकाला मेहनतीआधी नि मेहनतीनंतर त्यावर उभं केलं. किती वजन घटलं ते लिहून घ्यायच्या. रोज सगळ्यात जास्त घटायचं ते सर्जेरावाचं. अडीच किलो! गड्याला वाटलं, आपला पहिला नंबर आला. सगळ्या पेठेत पेढे वाटले की हो त्यानं! घामात आपला हात धरणारा कुणी नाही म्हणून.

सर्जेरावानं वही उघडली. पहिल्याच पानावर त्याचं नाव, पुढं आकडे, आणि खाली लाल शाईची रेघ. रेघेखाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. तो ओठ हलवत वाचू लागला.

"याचं घटतं ते सगळं पाणी आहे. मेहनत करताना थोडं थोडं पाणी द्या, चिमूटभर मीठसाखर घालून. नाहीतर लांबलेल्या कुस्तीत याच्या पोटऱ्यांत..."

पुढचं त्यानं मोठ्यानं वाचलं नाही.

"ही वही बिरूला कशी घावली?"

"देवळीत पडल्याली हुती. त्यो आला, म्हणाला, वाचू का? म्हटलं, वाच. आठ दिवसांनी म्हणाला, सर्जेदादांला जे पायजे ते मला बी पायजे का? म्हटलं, पिऊन बघ."

"म्हंजे माझ्याच घामावर..."

"व्हय. तुझ्याच."

सर्जेरावानं वही मिटली. मग एकदम भडकला.

"पण मेहनतीत पाण्याला शिवायचं न्हाई, अंग ढिलं पडतंय, हे कुणी सांगितलं? तुमीच ना? मी तुमचा शब्द पाळला, म्हणून हरलो! त्येनं मोडला, त्यो जिंकला!"

बरोबरच बोलत होता की तो. मी फावडं टेकवून उभा राहिलो.

"बाईंनी तुला सांगितलं हुतं," वस्ताद हळू म्हणाले. "माझ्यासमोर सांगितलं. तू म्हणालास, जीव गेला तरी माझ्या वस्तादाचा शब्द मोडणार न्हाई."

"म्हणालो हुतो. मग तवा तुमी का गप बसलासा?"

"मला ग्वाड वाटलं."

वस्तादच पुढं म्हणाले, "काल-परवा आलेली बाई. एक काटा आणि एक वही. आणि माझ्या चाळीस वर्षांवर रेघ मारली. मी बी जळत हुतो, सर्जा. तुझ्यापरास जास्त."

तरी सर्जेराव गेला खुंटीपाशी. लंगोटाला हात घातला.

कोपऱ्यात बिरूचा पाण्याचा तांब्या होता, झाकण घातलेला, शेजारी मीठसाखरेच्या पुड्या. वस्तादांनी तो उचलला. चिमूटभर मीठ घातलं, साखर घातली, चिरलेलं लिंबू पिळलं. मग पायातली चप्पल काढून हौदात माझ्याशेजारी उतरले. त्या मातीत उभं राहून पाण्याचा थेंब घेतलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्यानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा प्यायला. हनुवटीवरून ओघळ मातीत पडला.

उरलेला अर्धा तांब्या त्यांनी सर्जेरावापुढं केला.

"बिरूचा तांब्या मी तोंडाला लावू?"

"आता माझा उष्टा हाय."

सर्जेराव हलला नाही. एक हात लंगोटावर, नजर तांब्यावर.

वस्तादांनी तांब्या हौदाच्या काठावर ठेवला.

"लंगोट ने खुशाल," ते म्हणाले. "माझी पाण्याची चूक तेवढी हितं ठिवून जा."