अण्णांचा ठराव कोण वाचणार?

शपथेवर सांगतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो, पण ते सोडा.

आमच्या गावचं सरकारी हायस्कूल बंद करून तिथं मंगल कार्यालय काढायचं सरपंच रंगराव अण्णांच्या मनात आलं. भर ग्रामसभेत ते गरजले, "या शाळेत शिकून कुणाचं भलं झालंय? आठवीनंतर पोरी घरी बसल्या तर काय बिघडतं?"

मुख्याध्यापिका मुलाणीबाई शांतपणे उठल्या. "ठराव जरूर करा, अण्णा. फक्त आमच्या शाळेत शिकलेल्या कुणाचाही त्याला हात लागू देऊ नका."

ठराव लिहून घेणाऱ्या क्लार्कनं लगेच पेन खाली ठेवलं. माइकवाल्यानं माइक बंद केला. कागद वाचायला उठलेला उपसरपंच मुकाट खाली बसला.

"द्या इकडं, माझा मी वाचतो!" अण्णांनी कागद हिसकावला.

"तुम्हीही बसा, अण्णा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर आमच्याच शाळेतून पहिल्या फटक्यात दहावी पास झालात."

सभा हसत सुटली आणि ठराव बारगळला. शाळा अजून भरते. अण्णांची नात तिथंच नववीत आहे.

यातलं सगळं खरं. अण्णांचा तो पहिला फटका तेवढा मी पदरचा घातलाय.