घुमीची नजर

झाडं बोलत असत तेव्हाची गोष्ट. घुमी ही घुबडाची लेक दूरच्या वडाखालच्या विद्यापीठात शिकायला गेली.

घुबडांत बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघून ऐकायची रीत होती. तिथल्या माकडांना ते रुचेना. एक माकडीण म्हणाली, "अगं, अशी टक लावून बघतेस, भांडायला आल्यासारखं वाटतं." घुमीच्या फांदीवर कुणी बसेना. रडून रडून ती नजर खाली ठेवायला शिकली, तेव्हा कुठे तिला मैत्रिणी मिळाल्या.

सुट्टीत ती घरी आली. आई काही विचारी, ही जमिनीकडे बघत उत्तर देई. शेवटी आईने विचारलं, "बाळ, आमच्यावर का गं रागावलीस?"

घुमीने मान उचलली. नजर आईच्या पंखांपर्यंत गेली. त्यांच्या वर तिला ती नेताच येईना.